मागच्या पानावरच्या तारखा

(दृश्य: पुस्तकाचं शेवटचं पान. डकवलेल्या कागदावर जांभळ्या शाईच्या तारखा.)

हा कागद नीट बघा. ग्रंथालयाच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तो असतो. पुस्तक कधी परत करायचं, ती तारीख यावर उमटते. पण इथल्या ग्रंथपाल बाई तो वेगळ्या कारणासाठी वाचतात. तारखा एकाखाली एक दाट पडल्या असतील तर पुस्तक हातोहात फिरतंय, त्याची काळजी नाही. दोन शिक्क्यांमध्ये चार वर्षं गेली असतील, तर ते पुस्तक कपाटातून निघतं आणि दाराजवळच्या टेबलावर येतं.

आज टेबलावर आहे दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. १९५६ सालचं. एकेका महिन्यावर एकेक लेख. बाई सांगतात, सलग वाचू नका. जो महिना चालू असेल तेवढाच लेख वाचायचा आणि बाहेर जाऊन एखादं झाड बघून यायचं.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला एक, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. लगेच पुढचा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. हे टेबल त्या दुसऱ्या वाक्यासाठी मांडलेलं आहे.

(दृश्य: बालविभाग. बुटकं कपाट, जमिनीवर सतरंजी.)

या कपाटाची उंची पहिलीतल्या मुलीच्या खांद्याएवढी आहे. पुस्तक मागावं लागत नाही, हात घातला की मिळतं. सगळ्यात खालच्या फळीवर माधुरी पुरंदरे. शब्द त्यांचे, चित्रंही त्यांचीच. ‘राधाचं घर’ अजून वाचता न येणारी मुलंही चित्रांवरून सांगत सुटतात. बाई त्यांना मध्येच दुरुस्त करत नाहीत.

वरच्या फळीवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. हा फुरसुंगीचा बनेश फेणे इतक्या हातांतून गेलाय की ही प्रत आता तिसऱ्यांदा बाइंडिंगला आली आहे.

(दृश्य: बाइंडिंग. जवळून हात.)

आधी जुना पुठ्ठा सोडवायचा. पानांच्या पाठीवरची वाळलेली खळ खरवडायची. मग दाभणानं भोकं पाडून, दोरा ओढून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, पुन्हा शिवायचे. पाठीवर कापडी पट्टी, वर नवा पुठ्ठा, आणि रात्रभर वजनाखाली. सकाळी कडा कापून सारख्या करायच्या. दर वेळी समास थोडा कमी होतो. या प्रतीत अक्षरं आता कडेपासून जेमतेम बोटभर आत उरली आहेत. शेवटी पाठीवर दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक, पुन्हा लिहायचा. पुस्तक वाचलं गेलं, याचा आम्हाला दिसलेला सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे हा कमी होत गेलेला समास.

(दृश्य: दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभ्यानं वाचणारी मुलगी.)

तेरा-चौदा वर्षांची मुलं ग्रंथालयातून सगळ्यात आधी गळतात. बालविभाग लहान वाटतो आणि मोठ्यांच्या कपाटापुढे अवघडायला होतं. त्यांच्यासाठी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. शाळकरी लंपन, त्याचे आजी-आजोबा आणि कानडीच्या सोबतीनं चालणारी त्याची मराठी. सुरुवातीची पानं अडखळायला लावतात, म्हणून बाई पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवतात. त्यापुढचं बघा.

(निवेदन थांबतं. मुलगी पान उलटते. पुन्हा उलटते.)

(दृश्य: देवघेवीचं टेबल. ऑफिसातून परतलेला माणूस.)

“काहीतरी हलकं द्या,” हे वाक्य इथे सारखं ऐकू येतं. त्यावर बाईंचा एकच प्रश्न असतो, “शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक कोणतं, सर?” त्यांना ते पटकन आठवत नाही. बाई व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ पुढे करतात. मेंढपाळांच्या वाडीवर गेलेल्या तरुण मास्तराची ही कादंबरी १९५५ साली आली. अंगानं सडपातळ, वाक्यं साधी. वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला आधी पूर्ण होणारं पुस्तक द्यावं, जाडजूड नंतर, असं बाईंचं ठाम मत आहे. आम्हालाही ते पटलं.

(दृश्य: आजी आणि नात, खिडकीजवळच्या बाकावर.)

या आजींना बारीक टाइप आता दिसत नाही. त्यांच्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ सालचा. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्या बोलावं तसं लिहितात, म्हणून हे पुस्तक ऐकायला फार चांगलं. बाई म्हणतात, “आजी, तुम्ही ऐका. हिला वाचू दे.” एका कार्डावर दोन वाचक झाले. खरं तर वयोगटांच्या याद्या लावण्यापेक्षा अशी जोडी लावणं जास्त उपयोगाचं.



(दृश्य: बाईंची लांबट वही.)

या वहीत प्रत्येक सभासदासमोर अर्ध्यात टाकलेलं पुस्तकही लिहिलेलं असतं. का टाकलं, तेही दोन शब्दांत. “फार वर्णन.” “रडू आलं.” “अक्षर बारीक.” पुढचं पुस्तक निवडताना बाई आधी हे पान काढतात. आवडलेल्या पुस्तकांची यादी कोणीही देईल, पण नावडलेलं पुस्तक माणसाबद्दल जास्त सांगतं.

(दृश्य: संध्याकाळ. पंखे बंद होतात.)

‘ऋतुचक्र’ आज कोणी नेलं नाही. दोघांनी उघडून पाहिलं, एकानं पाठीवरची धूळ पुसली. बाई ते कपाटात परत ठेवत नाहीत. चालू महिन्याचं पान वर येईल असं उघडून, टेबलावरच ठेवतात.

(दृश्य: उघडं पुस्तक. दार ओढल्याचा आवाज.)