पंडिता रमाबाई: देवाच्या हाती दिलेलं आयुष्य

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावानं तुम्हां सर्वांना सलाम.

आपल्या घरप्रार्थनांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘प्रभू, मी माझं सर्वस्व तुझ्या हाती देतो.’ आपण ते डोळे मिटून, मनापासून म्हणतो. मग आमेन होतं, चहा येतो, आणि मुलाच्या नोकरीची, मुलीच्या लग्नाची, दवाखान्याच्या खर्चाची काळजी जिथं ठेवली होती तिथून आपण पुन्हा उचलून घेतो. आपण खोटं बोलत असतो असं मला वाटत नाही. देवाच्या हाती देणं म्हणजे उठून नेमकं काय करायचं, हे आपल्याला फारसं कुणी करून दाखवलेलं नसतं. ज्यांनी ते करून दाखवलं अशा एका बाईंविषयी आज मला बोलायचं आहे. पंडिता रमाबाई.

नाव तुमच्या ओळखीचं आहे. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात: संस्कृतच्या पंडिता, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या. ते सगळं खरंच आहे. पण हे काम ज्या प्रार्थनेतून उभं राहिलं, ती प्रार्थना त्या धड्यात मावत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्या काळात बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारा हा माणूस. पुढं सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. गावोगाव पुराणं सांगायची आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. १८७० नंतरच्या दुष्काळात दक्षिणा आटली. होतं नव्हतं ते विकून झालं, मग रानातला पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाईंनी आईच्या अंत्ययात्रेची आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळेनात. अखेर भावाबरोबर या कोवळ्या वयाच्या मुलीलाही तिरडीखाली उभं राहावं लागलं. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिनं आईची तिरडी डोक्यावर घेतली आणि मसणवट्यापर्यंत चालत गेली.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं केडगावला जे झालं ते हिच्याशिवाय कळत नाही.

त्यानंतरची वर्षं भराभर सांगतो. १८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ साली पती कॉलऱ्यानं गेले. तेवीस-चोवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं. पण ऐकू कमी येत होतं, तेवढ्या कारणानं वैद्यकीचं शिक्षण राहिलं. मनाशी धरलेली वाट अशी बंद झाली.

इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती भगिनींच्या एका मठात राहिल्या होत्या. या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅम इथंही काम होतं. ज्या बायकांना समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेलं, त्यांना तिथं ठेवून घेत, जपत, पुन्हा उभं करत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना राहवेना. त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला विचारलं, तुम्ही या बायकांसाठी हे का करता? तिनं वाद घातला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखवला. याकोबाची विहीर, भर दुपारची वेळ, पाच नवरे झालेली शोमरोनी बाई आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा प्रभू. शास्त्रं पाठ असलेल्या या पंडितेला त्या अध्यायात असा कुणी भेटला, जो बदनाम बाईशी बरोबरीनं बोलतो आणि आपण मशीहा आहोत हे तिला सांगतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडची साक्ष बहुधा इथंच संपते. बाप्तिस्मा झाला, हालेलुया, बसा. रमाबाईंची साक्ष मला फार प्रामाणिक वाटते ती यापुढच्या भागामुळं. त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. ही आठ वर्षं रिकामी नव्हती हो. याच काळात त्या अमेरिकेत गावोगाव बोलल्या, पुस्तक लिहिलं, १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. एवढं काम पाठीशी असताना हे कबूल करायचं! आपल्यातले कितीतरी जण तिशी-चाळिशी चर्चमध्ये घालवतात, पंच होतात, संडेस्कूल चालवतात, आणि हा प्रश्न मनाशीही येऊ देत नाहीत. रमाबाईंनी तो येऊ दिला. आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण कसे आहोत हे देवाला माहीत आहे. आधी सुधारून मग त्याच्याकडे जायचं नसतं, आहोत तसं जायचं असतं. अधिक विद्वत्ता किंवा अधिक सत्कर्म तिथं कामाला येणार नव्हतं. त्यांनी स्वतःला देऊन टाकलं.

आता देऊन टाकलं म्हणजे काय केलं?

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या पुण्यात आल्या. रमाबाईंकडे शारदा सदनाची जबाबदारी होती, हाताशी पैसा बेताचा होता, आणि दुष्काळी मुली आणायच्या असं कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. पण दुष्काळ त्यांनी अंगावर भोगलेला होता. अनाथ पोरींना दुष्काळात कोण उचलून नेतं आणि पुढं त्यांचं काय होतं, हे त्या जाणून होत्या. आपल्याला सोसलेल्या जागेपासून लांब राहावंसं वाटतं. ज्या आजारानं घरचं माणूस गेलं, त्या आजाराचं नावही नको होतं. रमाबाई मात्र आपली जखम जिथली होती नेमक्या तिथंच परत गेल्या, कारण प्रभू तिथं बोलावतो आहे अशी त्यांची खात्री झाली होती. त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या.

आणायचं ठरवणं एक, आणि आल्यावर सांभाळणं वेगळं. पुण्यात प्लेगचे कडक नियम लागू झाले, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. म्हणून त्यांना केडगावला नेलं. तिथं संस्थेच्या खर्चाला हातभार म्हणून घेतलेली जमीन होती. तंबू आणि छपरं उभी राहिली. दुष्काळातलं मूल कधी जवळून पाहिलंय का? डोक्यात उवा, अंगावर फोड, पोट पाठीला लागलेलं. आणि उपाशी पोटाला एकदम भाकर सोसत नाही, पेजेपासून सुरुवात करावी लागते, तीही थोडी थोडी. मूल आणखी मागतं, रडतं, दुसऱ्याच्या वाडग्यात हात घालतं, आणि आपण मन घट्ट करून नाही म्हणायचं. हे कोण करत होतं? शारदा सदनातल्या मोठ्या मुली. काल-परवापर्यंत ज्या स्वतः घरात नकोशा झालेल्या बालविधवा होत्या, त्या आता एकेका नव्या पोरीला न्हाऊमाखू घालत होत्या. योहान आपल्या पत्रात म्हणतो, ‘मुलांनो, आपण शब्दाने किंवा जिभेने नव्हे, तर कृतीने व सत्याने प्रीती करावी.’ त्या वचनावरचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं प्रवचन केडगावच्या त्या छपरांखाली, पेजेच्या वाडग्यांपाशी झालं.

सगळ्या मुली वाचल्या नाहीत, हेही सांगायला हवं. भाव ठेवला म्हणजे मनासारखं होतं, असं जो शिकवतो त्याचं ऐकू नका. रमाबाईंनी मुलींना मातीही दिली, आणि १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा तेच केलं. त्या सुमारास केडगावच्या या संस्थेत, म्हणजे ‘मुक्ती’त, दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती.

एवढ्यांना घालायचं कुठून? अमेरिकेतल्या मित्रांनी दहा वर्षांसाठी मदतीचा शब्द दिला होता, ती मुदत १८९८ साली संपली. त्यानंतर ठरलेल्या उत्पन्नाची हमी नव्हती. रमाबाई आणि मुली प्रार्थना करत, आणि देणग्या येत. पण ही अर्धीच गोष्ट आहे, आणि उरलेली अर्धी आपण बरेचदा गाळतो. मुक्तीत विहिरी खणल्या. शेती होती, गाईगुरं होती, हातमाग होता, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. नीतिसूत्रात लिहिलंय, ‘तू आपल्या अगदी जिवेभावे परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ आपल्या बुद्धीवर अवलंबून राहू नको म्हणजे बुद्धी वापरू नको, असं रमाबाईंना कधी वाटलं नाही. पहाटे गुडघे टेकायचे आणि उजाडल्यावर विहिरीच्या कामावर जाऊन उभं राहायचं, या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे एकाच भरवशातून होत होत्या.

त्या मुक्तीतलं एक घर मला विशेष वाटतं: कृपासदन. फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या बायकांसाठी ते होतं. फुलहॅमला जे पाहून त्यांनी ‘का करता?’ असं विचारलं होतं, ते त्यांनी केडगावच्या माळावर स्वतः केलं. आंधळ्या बायकांसाठीही निराळं सदन होतं.

त्यांना विरोध झाला, आणि तो काही क्षुद्र माणसांनीच केला असं नव्हे. शारदा सदनात धर्माचा आग्रह धरायचा नाही, असा शब्द होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात खळबळ उडाली, १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची धास्ती मी समजू शकतो. रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं: मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या देवाशी बोलताना दार लावूनही घेणार नाही. चांगल्या माणसांचा पाठिंबा गमावूनही त्या ना कडवट झाल्या, ना लपून प्रार्थना करू लागल्या. मला तर दुष्काळातल्या धाडसापेक्षा हे अवघड वाटतं. आपल्याला परक्यांची टीका सोसते, पण ज्यांना आपण मानतो ते पाठ फिरवून गेले की देवावरचा भरवसाही डळमळतो.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं रमाबाई? कुणी तुम्हाला ३०० मुली सांभाळायला सांगत नाही. पण तुमच्या मंडळीत घटस्फोटानंतर येणं बंद केलेली एखादी बाई असेल. दारू सोडून पुन्हा पुन्हा घसरणारा एखादा तरुण असेल, ज्याच्याशेजारी बाकावर कुणी बसत नाही. तुमच्या स्वतःच्या आयुष्यात असं एखादं दुःख असेल, ज्याच्याकडे पाहायचं तुम्ही टाळता. आणि त्याच दुःखातून आज जाणारं कुणीतरी तुमच्या गल्लीत राहत असेल. ‘माझं सर्वस्व’ असं मोघम म्हणण्याऐवजी या आठवड्यात प्रार्थनेत त्या एका माणसाचं नाव घ्या. आणि आमेन म्हटल्यावर चपला घाला आणि त्याच्या घरी जा.

आता शेवटच्या वर्षांविषयी. रमाबाईंची एक मोठी तळमळ होती, खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल असं मराठी बायबल. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांमधून भाषांतर करत राहिल्या. अनेक वर्षं हे काम चाललं. मनोरमाबाई आता त्यांचा उजवा हात होत्या. आईनंतर मुक्ती त्याच चालवणार, असं सगळे धरून होते. जुलै १९२१मध्ये मनोरमाबाई गेल्या. वय अवघं चाळीस. आई, वडील, बहीण, भाऊ, पती, आणि आता एकुलती एक लेक. गेथशेमाने बागेत प्रभू म्हणाला, ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’, तेही घाम रक्तासारखा गळत असताना. हे वाक्य सहज येत नाही, आणि ते सहज यावं अशी देवाची अपेक्षाही नाही. रमाबाईंनी पुन्हा मुद्रितं हातात घेतली. त्या अखेरच्या दिवसांपर्यंत तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून ते संपूर्ण बायबल बाहेर पडलं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं तिथल्या बायकांनीच केलं.

मुक्ती आजही केडगावला चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी पकडली की दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. जमलं तर एकदा जाऊन या, आणि जाताना घरातल्या मुलींना बरोबर न्या. सलाम.