समासातली फुली

नमस्कार श्रोतेहो.

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीनं मी बरीच वर्षं ये-जा केली. घर खाडीच्या अलीकडे, शाळा पलीकडे. त्या बोटीत दहावीतली एक मुलगी रोज भेटायची. बोट लागेपर्यंत जेट्टीवर उभ्या उभ्या वही वाचायची. बोट सुटली की खारं पाणी उडतं, म्हणून वही पिशवीत टाकायची आणि कठड्याला टेकून राहायची. ओठ हलत असायचे. मधेच डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट काटकोनात ताठ धरायची. फ्लेमिंगचा नियम चालला होता तिचा, विजेच्या मोटारीत बल कुठल्या दिशेला लागतं ते हाताच्या बोटांवरून ओळखायचा! पलीकडे उतरली की वही काढून एखादंच पान बघायची आणि समासात पेन्सिलीनं फुली मारायची.

एकदा विचारलं, "फुली कसली गो?"

म्हणाली, "सर, जे आठवलं नाय त्याची."

यशस्वी विद्यार्थ्याच्या सवयी म्हटलं की पहाटे उठणं, वेळापत्रक, वर्गात लक्ष, हे सगळं आपण सांगतोच. त्यात चूक काहीच नाही. पण मला आज त्या फुलीबद्दलच बोलायचंय, कारण माझ्या मते अभ्यास तिथे सुरू होतो.

पालक काकुळतीनं सांगतात, "दिवसभर पुस्तक घेऊन बसतो हो, पण पेपरात काही आठवत नाही." तो मुलगा आळशी नसतो. धडा चौथ्यांदा वाचताना ओळ न् ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीचं म्हणजे येतं, असा त्याचा समज होतो. पेपरात मात्र समोर पुस्तक नसतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याच प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांना एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला एकदाच वाचायला दिला आणि तीनदा न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं, तर त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्या चांगलं लक्षात राहील, अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती! परीक्षेच्या आदल्या रात्रीचं घोकणं म्हणूनच फसवतं.

तेव्हा मुलांनो, धडा वाचून झाला की पुस्तक मिटा. पावसाळ्यात लाईट गेली तर पडवीत बसून आजीला सांगा. तिला धडा समजला नाही तरी चालेल, तुम्ही कुठे अडखळलात ते तुम्हाला समजेल. तिथे फुली मारा. दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, पुन्हा त्याच फुलीवर या.

फुली मारायला धीर लागतो. आपल्याच दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी डोंगर ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले. वयानं लहान दिसतोस म्हणून त्यांना बसू दिलं नाही. तसेच परतले, पुन्हा तयारी केली आणि ती परीक्षा पास झाले. १८८४ साली गणित घेऊन पदवीधर झाले.

पालकांना एक विनंती. २०१२ पासून दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग राज्यात पहिला येतोय, २०२४ साली तर निकाल ९९.०१ टक्के लागला. अभिमान वाटतोच. पण घरी मुलानं "हे मला येत नाही" म्हटलं की आपण आवाज चढवतो, आणि मग तो फुली मारायचंच सोडतो. तेवढं करू नका.

फेब्रुवारीत त्या मुलीची वही मी मागून घेतली. 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यात मोटारला डावा हात की उजवा, या एका ओळीसमोर चार फुल्या होत्या. पाचव्या जागी बरोबरची बारीक खूण होती.