बांधकामाची नोटीस आली? आधी टेप काढा, मग पेन

नमस्कार. विनापरवाना बांधकाम केल्याची महापालिकेची किंवा नगरपालिकेची नोटीस दारावर चिकटली की काही जण तडक कार्यालयात भांडायला जातात, काही जण ती कपाटात टाकून विसरतात. दोन्ही नको. नोटीस म्हणजे आरोप, निकाल नव्हे. पण मुदतीत उत्तर गेलं नाही, तर तुमचं न ऐकताच आदेश निघू शकतो.

नोटीस हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा, पाकीटही जपा. काम थांबवायला सांगितलं असेल तर थांबवा. "स्लॅब तेवढा उरकून घेऊ" हे फार महागात पडतं. मूळ आरोप खोटा ठरला तरी आदेश मोडल्याचा नवा आरोप तुम्हीच ओढवून घेतलेला असतो.

आता नोटीस नीट वाचा. नुसतंच 'विनापरवाना बांधकाम' लिहिलंय, की मजला, बाजू, मापं, कलम दिलंय? मोघम असेल तर पाहणीचा अहवाल लेखी मागा. त्याने मुदत आपोआप वाढते असं समजू नका हं, ती वेगळी मागा.

मग आर्किटेक्टला घेऊन प्रत्यक्ष मोजमाप करा आणि मंजूर नकाशाशी ताडून बघा. नकाशा शेवटचा, सुधारित हवा. कधी तपासणाऱ्याने जुनाच नकाशा पाहिलेला असतो, कधी बंद केलेली बाल्कनी आपल्याच लक्षात नसते.

उत्तर मुद्देनिहाय द्या. चार आरोप असतील तर चार उत्तरं. हे झालेलंच नाही, हा पुरावा. हे केलंय, पण परवानगी आहे, ही प्रत. हे परवानगीशिवाय झालंय, नियमित करण्यासाठी अर्ज करतोय किंवा काढून टाकतोय. हा तिसरा प्रकार लिहिण्याआधी मात्र वकिलाला दाखवा, कारण ती लेखी कबुली असते. पण सरसकट सगळं नाकारलंत, तर जिथे तुमचं खरं आहे तिथेही विश्वास बसत नाही.

"शेजाऱ्यानेही केलंय" हा बचाव नाही. मालमत्ता कराची पावतीही नाही. कर घेतला म्हणजे बांधकाम मंजूर केलं असं होत नाही. काम आधीच्या मालकाचं असेल तर खरेदीची तारीख आणि तेव्हाचे फोटो जोडा. तेवढ्याने सुटका होईलच असं नाही, पण केलं कोणी ते नोंदीवर येतं.

सुनावणी त्याच पत्रात मागा. प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.