खरुचीचं घरटं कुठे होतं? ‘केस’च्या चित्रीकरणाच्या जागा

(दृश्य: पडकी दगडी भिंत, मागे शेतं)

ही भिंत टँकर्स्ली ओल्ड हॉलची, सोळाव्या शतकातल्या वाड्याची. केन लोच यांच्या ‘केस’ (Kes) या ब्रिटिश सिनेमात बिली कॅस्पर हा मुलगा इथेच वर चढून खरुचीचं पिल्लू काढतो. हिवाळ्यात आपल्या माळरानांवर वाऱ्यात एकाच जागी फडफडत थांबणारा तो छोटा ससाणा, तोच हा पक्षी.

(दृश्य: हॉयलंड कॉमनच्या गल्ल्या)

चित्रीकरण १९६८च्या उन्हाळ्यात झालं, दक्षिण यॉर्कशरमध्ये बार्न्सलीच्या आसपास. ज्यांच्या कादंबरीवरून सिनेमा झाला, ते बॅरी हाइन्स इथल्या हॉयलंड कॉमन गावचेच. सिनेमातले पक्षी त्यांचा भाऊ रिचर्ड यांनी शिकवून तयार केले. बिलीचं घर, गल्ल्या, फिश अँड चिप्सचं दुकान, सगळं याच गावातलं. त्या दुकानाला पुढे ‘कॅस्पर्स’ हे नाव मिळालं.

शाळेपाशी मात्र हमखास चूक होते. पडद्यावर बिली घरातून निघतो आणि शाळेत पोचतो. प्रत्यक्षात ती शाळा बार्न्सलीच्या उत्तरेला अ‍ॅथर्स्ली साउथमध्ये होती आणि गाव दक्षिणेला. मधे अख्खं शहर. २०११मध्ये इमारतही पाडली. त्यामुळे खेळाच्या शिक्षकाच्या भूमिकेतल्या ब्रायन ग्लोव्हर यांचा तो अविस्मरणीय फुटबॉल सामना जिथे झाला, ती जागा शाळेच्या खुणेवरून सापडणार नाही.

(दृश्य: जुनी चौकट आणि आजची गल्ली, शेजारी शेजारी)

सिनेमातल्या चौकटीसारखाच आजचा फोटो जुळवताना आधी लेन्सला हात लावू नका. सिनेमातलं एक चित्र हातात धरा. त्यात जवळचा कोपरा दूरच्या छपराला कुठे झाकतो, ते पाहा आणि तसंच दिसेपर्यंत पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरका. जागा सापडली की मगच झूम करा. उलट केलं तर चौकट भरते, पण छपरं जुळत नाहीत, कारण दूरच्या-जवळच्या वस्तूंचं नातं कॅमेरा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. लांब लेन्समध्ये दूरचं जवळ ओढल्यासारखं दिसतं, म्हणून खरी जागा बहुतेकदा अंदाजापेक्षा बरीच मागे निघते. खुणेसाठी छपरांची रेषा आणि उतार धरा. खाणीचे मनोरे नकोत. गावाजवळची रॉकिंगहॅम खाण १९७९मध्येच बंद झाली.

(दृश्य: पुन्हा भिंत, दुरून)

ओल्ड हॉलच्या भोवती शेतकऱ्याची खासगी जमीन आहे. परवानगीशिवाय आत शिरू नका, आणि सैल दगडांवर चढूच नका. एप्रिल ते जुलै हा खरुचीच्या विणीचा हंगाम. ब्रिटनच्या १९८१च्या वन्यजीव कायद्याने तिची अंडी, पिल्लं आणि वापरातलं घरटं यांना संरक्षण आहे. बिलीने काढलं तसं पिल्लू आज परवान्याशिवाय काढणं गुन्हा ठरतो. ट्रायपॉड दूर लावा. माणूस जवळ आला की मादी अंड्यांवरून उठते, आणि गार वाऱ्यात अंडी लवकर थंड पडतात.