रताळ्याचं उत्पन्न ठरतं ते पहिल्या चाळीस दिवसांत

मंडळी, सुरुवातीलाच एक हिशेब मांडू. वरंब्या-वरंब्यातलं अंतर 60 सेंमी आणि दोन वेलांतलं 20 सेंमी धरलं, तर गुंठ्यात साधारण 840 वेल बसतात. देशाची सरासरी हेक्टरी दहा-अकरा टनांच्या आसपास, म्हणजे गुंठ्याला शंभर-एकशे दहा किलो. याचा अर्थ एका वेलाखाली जेमतेम सव्वाशे ग्रॅम, म्हणजे एकच बारकं रताळं. तेच वेलाखाली पाव किलो भरलं तर गुंठ्याला 210 किलो होतात. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. जे लागतं ते लागणीच्या आधी आणि लागणीनंतरच्या सहा आठवड्यांत, आणि नेमकं तेव्हाच आपलं लक्ष दुसऱ्या पिकात असतं.

पहिली गोष्ट बेण्याची. बहुतेक ठिकाणी जुन्या पिकाचा वेल ओढून आणतात, तुकडे करतात आणि खोचतात. बुडाकडचा वेल जून झालेला असतो. तो उशिरा मूळ धरतो, आणि रताळं पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याची अंडी-अळ्याही बहुधा त्याच भागात असतात. म्हणजे कीड आपणच नव्या रानात नेऊन लावतो. शेंड्याकडचाच तुकडा घ्या. लांबी 20 ते 30 सेंमी, पेरं किमान तीन ते पाच. कापलेल्या वेलांच्या पानांसकट जुड्या बांधून दोन दिवस सावलीत ठेवा, मग लावा, मुळं लवकर फुटतात. लावताना तुकडा उभा खोचू नका. आडवा ठेवून मधली दोन-तीन पेरं मातीत दाबा आणि दोन्ही टोकं बाहेर राहू द्या.

हे शेंडे आणायचे कुठून? त्यासाठी रोपवाटिका करावी लागते, आणि तिला तीन महिने आधी हात घालावा लागतो. दहा गुंठ्यांच्या लागणीसाठी दहा चौरस मीटरचा वाफा पुरतो. त्यात 125 ते 150 ग्रॅमची, एकही भोक नसलेली दहा किलो रताळी वरंब्यावर लावायची आणि पंधरा दिवसांनी 150 ग्रॅम युरिया द्यायचा. पंचेचाळीस दिवसांनी वेल कापून तुकडे दुसऱ्या, अर्ध्या गुंठ्याच्या वाफ्यात लावायचे. तिथे पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी मिळून अर्धा किलो युरिया. आणखी पंचेचाळीस दिवसांत दहा गुंठ्यांचं बेणं तयार होतं. महाशिवरात्रीचा बाजार धरायचा असेल, तर लागण ऑक्टोबरच्या मध्यावर पडते आणि पहिला वाफा जुलैच्या मध्यावर. दिवाळीत आठवण झाली तर पुन्हा शेजाऱ्याचा जुना वेलच हाती येतो.

वाणाबद्दल थोडक्यात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण अश्विनी आपल्याकडे रुळलेला आहे. केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेच्या भू सोनाचा गर नारिंगी असतो, त्यात अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर. घरच्या पोरांच्या ताटासाठी दोन वरंबे लावाच. उपवासाच्या बाजारात मात्र गिऱ्हाईक अजून लाल सालीचं, पांढऱ्या गराचं रताळं मागतं, तेव्हा सगळं रान नारिंगी करायच्या आधी व्यापाऱ्याला विचारा.

आता खत. संस्थेची शिफारस हेक्टरी पाच टन शेणखत आणि नत्र, स्फुरद, पालाश 50:25:50 किलो अशी आहे. दहा गुंठ्यांना उतरवली तर शेणखत अर्धा टन, युरिया 11 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 16 किलो, म्युरेट ऑफ पोटॅश साडेआठ किलो. अर्धा युरिया आणि बाकी सगळं लागणीला, उरलेला युरिया महिन्याने खुरपून वरंब्याला मातीची भर लावताना. उसाच्या हाताने रताळ्याला युरिया टाकला की वेल गुडघाभर माजतो, बघणारा वाहवा करतो आणि खाली बोटाएवढी मुळं निघतात. पालाशला मात्र कात्री लावू नका. कंद पोसायचं काम त्याच्याकडे आहे.

ही बोटाएवढी मुळं नुसत्या युरियाने होत नाहीत. लागणीनंतर महिना-दीड महिन्यात कुठलं मूळ फुगून कंद व्हायचं आणि कुठलं काष्ठासारखं कडक राहायचं हे ठरत असतं. त्या काळात माती सुकली किंवा सरीत पाणी तुंबून मुळांची हवा कोंडली, तरी मूळ आतून चिवट होतं. पुढे कितीही पाणी पाजा, ते परत फुगत नाही. म्हणून लागणीनंतर पहिले दहा दिवस दिवसाआड पाणी, मग सात ते दहा दिवसांनी. काढणीच्या तीन आठवडे आधी पाणी तोडा आणि खणायच्या दोन दिवस आधी एक हलकं पाणी द्या, म्हणजे कुदळीचे घाव कमी बसतात. पावसाळी पिकात जमिनीवर टेकलेल्या पेरांना मुळं फुटतात आणि पोषण वाटलं जातं, तेव्हा पन्नासेक दिवसांनी वेल उचलून हलका सैल करा. दर आठवड्याला पालथा घालत बसलात तर पानं मोडून उलट तोटा होतो.

सोंड्या भुंग्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण याच्यामुळे काढलेला मालही फुकट जातो. काळसर निळं शरीर, तांबडी मान, मुंगीसारखा दिसणारा हा भुंगा खोल माती उकरू शकत नाही. तो वरंब्याच्या भेगेतून किंवा उघड्या पडलेल्या कंदाच्या डोक्यावरून आत जातो. अळीने एक बोगदा जरी केला तरी रताळं कडू होतं आणि उग्र वास मारतं. कापून चांगला भाग खाऊ म्हणाल, तर तोही कडूच लागतो. बेळगावच्या पश्चिमेकडच्या तांबड्या जमिनीपेक्षा आपल्या काळ्या रानात हा त्रास जास्त होऊ शकतो, कारण काळं रान वाळलं की भेगाळतं. म्हणून तिसाव्या आणि साठाव्या दिवशी मातीची भर लावून भेगा बुजवा. ही भर म्हणजे निव्वळ खुरपणीची पुरवणी नव्हे, हेच खरं औषध आहे. जोडीला गुंठ्याला एक कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने भुंग्यांना ओढून घेणारा. त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे सापळा भरला म्हणून भर लावणं सोडू नका. मागच्या वर्षीच्या रताळ्याच्या रानात पुन्हा रताळी नकोत. काढणीनंतर राहिलेले कंद आणि वेल वेचून नष्ट करा.

वाणाप्रमाणे 105 ते 120 दिवसांनी एक रताळं कापून बघा. कापावरचा चीक पांढरा राहून वाळला तर पीक तयार, हिरवट-काळा पडला तर थांबा. भाव वाढेल म्हणून तयार पीक महिनाभर जमिनीत ठेवलं, तर तेवढ्यात भुंग्याची आणखी एक पिढी निघते.

काढलेली रताळी लगेच धुऊ नका. सावलीत ढीग करून ओलसर गोणपाटाखाली पाच-सहा दिवस ठेवा. तीस अंशांच्या आसपासच्या दमट हवेत कुदळीच्या जखमांवर साल धरते, मग माल वाहतुकीत कुजत नाही. थंड पेटीत ठेवायचा मोह टाळा. बारा-तेरा अंशांच्या खाली गर आतून बिघडतो.

आणि खणतानाच पुढच्या बेण्याची निवड करा. ज्या वेलाखाली चार-पाच सारखी, निरोगी रताळी सापडतील, त्यातली मध्यम दहा किलो वेगळी ठेवा. बाजारात जाऊन उरलेली बेण्याला, असं होता कामा नये.