अनिश्चित म्हणजे नेमकं काय अनिश्चित?

श्रोतेहो, नमस्कार.

चालू नोकरी ठेवायची, की समोर आलेलं लेखनाचं, चित्रांचं, संगीताचं काम धरायचं, असा प्रश्न पडला की वडीलधारी माणसं सांगतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या कामात अनिश्चित काय आहे, हे आधी वेगळं काढायला हवं. काम होईल की नाही, हे? पैसे कधी मिळतील, हे? की हे काम संपल्यावर पुढचं मिळेल का, हे? तिघांनाही आपण ‘धोका’ म्हणून मोकळे होतो. उपाय मात्र तिघांचे वेगळे आहेत.

काम होण्याची खात्री नसेल तर उपाय कराराचा. आधी सही झालेला करार, मग खात्यात जमा झालेली आगाऊ रक्कम आणि त्यानंतर राजीनामा. हा क्रम उलटला, की नोटीस पिरियड चालू असतानाच प्रकल्प बारगळण्याची भीती असते. मानधनाच्या निदान ३० टक्के रक्कम आगाऊ मागा. बदल किती वेळा मोफत करून द्यायचे, काम मध्येच रद्द झालं तर किती पैसे मिळणार, हेही लिहून घ्या. आणि एक वाक्य काही झालं तरी सोडू नका: शेवटचा हप्ता मिळाल्यावरच कामाचे हक्क हस्तांतरित होतील. काम सोपवतानाच हक्कही गेले, तर थकलेले पैसे मागताना तुमच्या बाजूनं जोरच उरत नाही.

आता पैसे कधी येतात ते पाहू. समजा, जानेवारीत काम केलं, महिनाअखेरीस बिल पाठवलं. मुदत ६० दिवसांची, म्हणजे पैसे मार्चअखेर. कामाला मंजुरी मिळायलाच महिना गेला, तर एप्रिलअखेर. चार महिने घर शिल्लक रकमेवर चाललं! म्हणून तीन महिन्यांची गंगाजळी इथे पुरत नाही. सहा महिन्यांची हवी, आणि आपल्यावर अवलंबून माणसं असतील तर नऊ ते बारा महिन्यांची. महिन्याचा खर्च अंदाजानं काढू नका. मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोर घ्या आणि बेरजेला १२ नं भागा. अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो, कारण विम्याचा हप्ता, शाळेची फी, दुरुस्त्या असे वर्षातून एकदा येणारे खर्च महिन्याच्या हिशेबात आपल्या लक्षातच येत नाहीत.

तिसरी अनिश्चितता पुढच्या कामाची, आणि फसगत सर्वांत जास्त होते ती इथेच. महिन्याला कामाचे २२ दिवस धरले तर वर्षाचे २६४ होतात. सुट्ट्या आणि आजारपणाचे २४ वजा करा, उरले २४०. पण कामं शोधणं, नमुने पाठवणं, हिशेब, थकबाकीसाठी फोन, यांचे पैसे कोणी देत नाही. मोबदल्याचे दिवस ६० टक्के धरले तर हाती १४४ येतात. वर्षाची गरज, कर आणि साधनांचा खर्च यांची बेरीज या १४४ नं भागा, तो तुमचा दिवसाचा दर. नवखी माणसं २६४ नं भागतात; त्यांचा दर जेमतेम निम्म्यावर येतो आणि अहोरात्र काम करूनही तूट भरत नाही. पगारासोबत मिळणारा आरोग्यविमा, भरपगारी रजा, निवृत्तीसाठी कापली जाणारी रक्कम, हेही त्या गरजेत धरायचं.

निवड नेहमी दोनातूनच करायची असते असंही नाही. प्रसिद्ध कथा-कादंबरीकार फ्रान्ट्स काफ्कानं १९०८ साली प्रागमधल्या एका खासगी विमा कंपनीतली लांबलचक तासांची नोकरी सोडून कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी धरली. तिथे दुपारी दोनला सुट्टी व्हायची. लेखन तो रात्री करी, आणि १९२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो त्याच संस्थेत राहिला. मला हा मार्ग फार मोलाचा वाटतो: नोकरी सोडण्याआधी नोकरीचे तास बदलता येतात का, ते पाहावं. बिनपगारी रजा, आठवड्यातून चार दिवस काम, हे विचारून तरी बघा. मात्र बाहेरचं काम घेण्याआधी आपलं नियुक्तिपत्र नीट वाचा. बाहेरच्या कामावर बंदी असू शकते. ऑफिसच्या संगणकावर केलेल्या कामावर मालक हक्क सांगू शकतो.

उडी घ्यायचीच ठरलं, तर कुटुंबाचा नवा आरोग्यविमा जुना संपायच्या आत सुरू करा. नव्या विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असू शकतो. आणि कागदावर एक रेघ ओढा: शिल्लक तीन महिन्यांच्या खर्चावर आली, की नोकरीसाठी अर्ज सुरू. शून्याची वाट पाहायची नाही, कारण अर्ज, मुलाखती आणि पहिला पगार यांतच दोन-तीन महिने सहज जातात. तोवर हात रिकामे झाले, तर मिळेल त्या दरात मिळेल ते काम घ्यावं लागतं आणि ज्या कामासाठी नोकरी सोडली त्यालाच वेळ उरत नाही. ही रेघ घरातल्या सगळ्यांसमोर ओढा, तारीख घाला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शिल्लक मोजून तिच्याशी ताडून पाहा.