'जमा' म्हणण्याचा अधिकार

(दृश्य: मडगाव, सकाळ. पावसाने ओला रस्ता. पतसंस्थेचा काउंटर.)

अशी एक पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. शाखा तीन: पणजी, मडगाव आणि फोंडा. मडगावच्या काउंटरवर एक बाई ५,००० रुपये भरतात. त्यांचा मुलगा पणजीत शिकतो आणि दुपारी तिथल्या शाखेतून याच खात्यातले पैसे काढणार आहे. दोन शाखांच्या मध्ये झुआरी नदी आहे. जूनचा पाऊस आहे, रस्त्याकडेला खणलेले चर आहेत, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. तरीही खात्यात किती शिल्लक आहे, याचं उत्तर तिन्ही शाखांत एकच यायला हवं.

ऐकायला साधी वाटणारी ही मागणी पुरी करण्यासाठी संगणकशास्त्रातल्या काही अत्यंत हुशार माणसांनी आयुष्याची वर्षं घातली आहेत.

(दृश्य: फोंडा. टेबलावर तीन संगणक. प्रत्येकावर शहराच्या नावाची चिठ्ठी.)

तोच व्यवहार या टेबलावर लहान आकारात मांडला आहे. तीन यंत्रं, आणि प्रत्येकाकडे खातेवहीची एकेक प्रत. अशा जोडलेल्या यंत्रांच्या गटाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक यंत्राला नोड. तिघांनी आपापल्या परीने लिहायला घेतलं, तर थोड्याच वेळात तीन वेगवेगळ्या वह्या तयार होतील. म्हणून एकाला लीडर नेमतात. नवी नोंद आधी लीडरकडे जाते. तो तिला क्रमांक देतो, आपल्या लॉगमध्ये, म्हणजे क्रमाने लिहिलेल्या नोंदींच्या यादीत, उतरवतो आणि उरलेल्या दोघांकडे पाठवतो. या घडीला लीडर आहे पणजी.

मग 'जमा झाले' असं बाईंना केव्हा सांगायचं?

पणजीने लिहिलं की लगेच? पुढच्याच क्षणी पणजीतलं यंत्र बंद पडलं, तर त्या नोंदीचा मागमूस उरणार नाही. मग तिघांनी लिहिल्यावर? गोव्याच्या जुन्या गावकरीत, म्हणजे गावाच्या सामूहिक कारभारात, ठरावाला सगळ्या गावकारांची संमती लागत असे. तो नेम इथे लावला, तर एक यंत्र पडताच तिन्ही शाखांचे व्यवहार थांबतील. म्हणून इथे बहुमत चालतं. तिघांपैकी दोघांच्या डिस्कवर नोंद उतरली की ती पक्की, आणि त्यानंतरच पावती.

(दृश्य: पडद्यावर लॉगच्या ओळी. पणजी आणि फोंडा सारखे, मडगाव एक ओळ मागे.)

आता नीट बघा. आपली ५,००० रुपयांची नोंद पणजीकडे आहे, फोंड्याकडेही पोहोचली आहे. मडगावची लाइन संथ आहे, त्यामुळे तिथे ती अजून आलेली नाही. दोन प्रती झाल्या, पावती निघाली. आणि याच वेळी पणजीच्या यंत्राची विजेची वायर काढली.

लीडर ठरावीक अंतराने 'मी आहे' असा छोटा संदेश पाठवत असतो. त्याला हार्टबीट म्हणतात. तो थांबला की बाकीच्यांचे टायमर संपू लागतात. ज्याचा टायमर संपतो, तो लीडरपदासाठी उमेदवार होऊन मतं मागतो. २०१४ साली स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी यंत्रांत असं एकमत घडवणारी राफ्ट ही पद्धत मांडली. त्यांच्या निबंधात हा टायमर १५० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान, प्रत्येक वेळी नव्याने, यादृच्छिक निवडलेला असतो. दोघे एकाच क्षणी उमेदवार झाले तर मतं फुटतात, आणि वेळ वेगवेगळी असली की ते सहसा टळतं. सहसा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी सिद्ध केलं होतं, की संदेशाला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल आणि एखादं यंत्र बंद पडू शकत असेल, तर दरवेळी हमखास निर्णयाला पोहोचणारी ठरीव रीत असूच शकत नाही. त्या भिंतीत व्यवहारापुरती वाट काढायला हा यादृच्छिक टायमर मदत करतो.

समजा, मडगावचा टायमर आधी संपला. मडगाव टर्मचा आकडा, म्हणजे ही कितवी निवडणूक तो क्रमांक, एकाने वाढवतं, स्वतःला मत देतं आणि फोंड्याकडे मत मागतं. फोंडा नकार देतं! कारण मत मागणाऱ्याने आपल्या लॉगची शेवटची नोंद कोणती तेही कळवायचं असतं, आणि मडगावचा लॉग फोंड्याच्या मागे आहे. थोड्या वेळाने फोंड्याचा टायमर संपतो, फोंडा मत मागतं, मडगाव देतं. दोन मतं मिळाली, फोंडा लीडर झालं. मडगावकडे नसलेली ५,००० रुपयांची ओळ आता फोंड्याकडून मडगावला जाते.

मला या पद्धतीतली ही जागा सर्वांत सुंदर वाटते. नोंद पक्की करणारं बहुमत आणि लीडर निवडणारं बहुमत यांच्यात किमान एक नोड सामाईक असणारच. तिघांतून कोणतेही दोन, आणि पुन्हा कोणतेही दोन घ्या. एक तरी दोन्हीकडे येतो. त्या एकाला पक्की नोंद माहीत असते आणि तो मागे पडलेल्याला निवडून येऊ देत नाही.

(दृश्य: पणजीचं यंत्र सुरू, पण नेटवर्कची केबल काढलेली.)

यंत्र बंद पडणं त्या मानाने सोपं प्रकरण. खरा घोर असतो तो यंत्र चालू आणि वाट बंद असते तेव्हा. समजा, मघाशी विजेच्या वायरऐवजी नेटवर्कची केबलच काढली होती. पणजी स्वतःला अजून लीडरच समजते. तिच्या काउंटरवर माणसं उभी आहेत. नोंद ती आपल्या लॉगमध्ये लिहू शकते, पण दुसरी प्रत होत नाही, म्हणून 'जमा' म्हणू शकत नाही. शिल्लक सांगण्याआधीसुद्धा तिने बहुमताला विचारायला हवं. नाहीतर नवा लीडर पुढे गेला असेल आणि पणजी शिळा आकडा सांगेल. काउंटरवरच्या माणसाला हे थांबणं त्रासाचं वाटतं, ते समजण्यासारखं आहे. पण चुकीची शिल्लक सांगण्यापेक्षा 'ताई, जरा थांबा' म्हणणं कितीतरी प्रामाणिक. केबल परत जोडली की पणजीला मोठा टर्म दिसतो. ती मुकाट्याने फॉलोअर होते आणि तिच्या लॉगमधल्या पक्क्या न झालेल्या, नव्या लीडरशी न जुळणाऱ्या ओळी काढल्या जातात. त्या ओळींची पावती कुणाला दिलेलीच नव्हती.

नेता निवडणं आणि प्रती करणं ही दोन वेगळी खाती मानली की काय होतं? २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या सेवेवर, ते घडलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऑप्टिकल उपकरण बदलताना मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. लीडर बदलणाऱ्या प्रणालीत राफ्टच होतं. तिने बहुमताने लिखाणाचा अधिकार पश्चिम किनाऱ्याकडे दिला. पण डेटाबेसच्या प्रती त्या बहुमताशी बांधलेल्या नव्हत्या. पूर्वेच्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नवं लिखाण सुरू झालं होतं. ४३ सेकंदांच्या या तुटीनंतर सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

(दृश्य: बोरीचा पूल. मग कुठ्ठाळीहून दिसणारी झुआरी.)

पुन्हा गोव्यात. तीन प्रती पणजीतल्या एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर ठेवल्या, तर वीज गेल्यावर तीनही एकदम जातात. म्हणून तीन शहरं. वाटाही वेगळ्या हव्यात. मडगावची एक लाइन कुठ्ठाळीच्या पुलावरून आणि दुसरी बोरीच्या पुलावरून गेली, तर तिला दोन वाटा आहेत असं म्हणता येईल. बिलं दोन कंपन्यांची येत असली आणि दोन्ही केबल एकाच चरात असल्या, तर जेसीबीचा एक फटका पुरतो. चौथं यंत्र घेऊन मात्र फार काही साधत नाही. चौघांत बहुमत तिघांचं, त्यामुळे एकच यंत्र पडलेलं चालतं, तिघांत चालतं तेवढंच. दोन पडलेली चालायला हवी असतील, तर पाच लागतात.

एवढं सगळं नीट केल्यावरही एक गोष्ट हे क्लस्टर करू शकत नाही. कुणी चुकून खातं पुसलं, तर ती पुसण्याची आज्ञाही लीडरकडे जाते, बहुमताने पक्की होते आणि तिन्ही शहरांत तितक्याच चोखपणे पाळली जाते. त्यासाठी रोजची वेगळी बॅकअप प्रत लागते, क्लस्टरच्या बाहेर ठेवलेली. आणि अधूनमधून ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून, त्यातली खाती खरोखर उघडतात का, ते कुणीतरी बसून तपासायला लागतं.